सुपातली सरकी

थोरल्या भावाचं, देवमनचं, लग्न झालं त्या साली, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरात, ललितानं अंगणात सूप मांडलं, त्याच्याशेजारी वाटी ठेवली, सरकीचा ढीग केला आणि आईच्या हाती पाटी दिली.

"वाच, माय."

जाईबाई चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकल्या होत्या, तीही ललिताकडूनच. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "वाटीत दोन दाने टाक. मंग वाटीत जितके, तितके ढिगातून सुपात टाक. असं सहादा."

"मुंबईत एक हिशेब करनारं यंत्र हाय म्हनते. असं लिवून दिलं, की दगड न टाकताच दगड पाडते. आपल्या घरचं यंत्र तू."

"अन् तू?"

"मी लिवून देनारी."

"म्हनजे राबनं माह्याच नशिबी," जाईबाई हसल्या आणि मांडी घालून बसल्या.

वाटीतले दाणे म्हणजे दगडाचा दर फेरीला वाढणारा वेग, सुपातले दाणे म्हणजे तो पडला तितके फूट, आणि एक फेरी म्हणजे पाव सेकंद. अमरावतीच्या कॉलेजात सरांनी विचारलं होतं, पडणाऱ्या दगडाच्या सूत्रात हा अर्धा कुठून आला? सूत्र ललितानं घडाघडा म्हटलं होतं, पण त्यातला अर्धा तिनं नुसता पाठ केला होता. सोमवारी सर पुन्हा विचारणार होते, आणि उत्तराशिवाय प्रयोगाच्या वहीवर सही करणार नव्हते. वर्ष गेलं तर कॉलेज बंद, असं वडिलांनी, जानरावांनी, बजावलं होतं.

दीड सेकंदाला सूत्र छत्तीस फूट सांगे. तिनं स्वतः दाणे टाकले तेव्हा बेचाळीस भरले. जास्तीचे सहा कुठले, ते उमगेना.

चुलीवरची भाकरी उतरवून ती परत आली. सूप मोजलं. तीस.

"माय, उलटं केलं तू! आधी वाटीत टाकाचं होतं."

"आधी कावून? ओळ वेचून झाली, की मंग कमरेच्या ओटीतला कापूस रिकामा करतो आपन. ओळ सुरू कराच्या आधी कोन करते? तसं फेरी सरल्यावर वाटीत टाकलं."

सूप उपडं करायला गेलेला ललिताचा हात थांबला. आईनं प्रत्येक फेरी सुरुवातीच्या वेगानं चालवली होती, आणि तिनं स्वतः शेवटच्या. दगडाचा वेग तर फेरीभर वाढतच असतो. तिनं ढिगातले सहा दाणे उचलले आणि एकेक करून सुपात टाकले.

"तुहे तीस, माहे बेचाळीस. मधात छत्तीस, दोन्हीच्या बेरजेचा अर्धा. अर्धा इथंच होता, माय."

"मले वाटलं, माहं चुकलं."

"चुकलंच. मीबी चुकली."

सोमवारी सरांनी वहीतले तीस, बेचाळीस आणि छत्तीस तपासले आणि सही केली. घरी येताच ललितानं ती वही आईपुढं उघडली. वर छापलेलं होतं, 'प्रयोगातील जोडीदार'. पुढं शाईनं नाव.

"जा... ई... बा... ई," जाईबाईंनी वाचलं. "हे कोन वं?"

"आपलं यंत्र."

त्यांनी पदराला बोट पुसलं आणि नाव पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं.

पुढं ललिता अकोल्याला शाळेत शिकवू लागली. दरवर्षी पहिल्या तासाला ती सूप घेऊन जाई.

जाईबाई १९६६ च्या नोव्हेंबरात, वेचणीच्या दिवसांत, वारल्या.