हजाराचं माप

आमच्या साहेबांचं गणित म्हणजे सब घोडे बारा टक्के. कारखान्यातल्या जुन्या डिस्क सर्व्हरवर चढवायच्या आणि मग यंत्रात घालून त्यांचा चुरा करायचा, असा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी आधी डीव्हीडी हातात घेतल्या. डब्यावर लिहिलेलं ४.७ जीबी. जीबीचे हजार एमबी, एमबीचे हजार केबी, केबीचे हजार बाइट, म्हणजे चार अब्ज सत्तर कोटी बाइट. हिशोब चोख बसला, कारण डीव्हीडी बनवणारे हजारानेच मोजतात. साहेब खूश. त्यांनी तोच हजार सीडींनाही लावला. सातशे एमबी, म्हणजे सत्तर कोटी बाइट. प्रोग्रामला बजावून ठेवलं, प्रत्येक सीडीतून एवढंच उचल आणि थांब.

सीडीवाले मात्र एक हजार चोवीसने मोजतात. त्यांच्या सातशे एमबीचे बाइट होतात त्र्याहत्तर कोटी चाळीस लाख आणि वर थोडे. शेवटचे तीन कोटी चाळीस लाख गळले आणि कुणाला पत्ताही लागला नाही. एका दुकानात डझन बाराचं, शेजारच्या दुकानात तेराचं, तसलाच हा प्रकार.

मला तो कळला दादामुळे. माझा थोरला भाऊ बॉयलरवर ऑपरेटर होता. बॉयलर फुटला, फिटर जागच्या जागी गेला आणि दादा निलंबित झाला. त्याचं म्हणणं एकच, "शेवटपर्यंत मी पॅनेलसमोर होतो. बॉयलर बंद करायचं बटण दाबलं, ते चाललं नाही." चौकशी समितीला हे पटत नव्हतं. तो जागा सोडून गेल्याचं सिद्ध झालं तर तुरुंग ठरलेला. बॉयलर खोलीतला कॅमेरा सीडीवर चित्रण करायचा. समितीला सर्व्हरवरून मिळालेल्या प्रतीत दादा खुर्चीत बसलेला दिसतो, दाबाचा काटा चढायला लागतो आणि चित्र संपतं. स्फोट नाहीच.

वहिनी जेवेनाशी झाली होती. दादा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी त्याला म्हटलं, "पुढचं चित्रण शोधून काढते की नाही बघ." तर म्हणाला, "जाऊ दे ना चिमे. गेलं ते गेलं." माणूस किती खचलाय, असं वाटून मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या प्रतीचा आकार पाहिला. बरोब्बर सत्तर कोटी बाइट. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कॅमेऱ्याला असली शिस्त कुठून येणार? मी गुणाकार केला. गळलेल्या बाइटमध्ये चारेक मिनिटं सहज बसत होती.

साहेबांना आकडा दाखवला. "अहो बाई, थोडं इकडेतिकडे व्हायचंच," ते म्हणाले. शेजारच्या खोलीत यंत्र सीडी खात होतं, कडाकडा, मध्येच थांबून पुन्हा कडाकडा. मी तशीच उठले. चुऱ्यासाठी बांधलेली पोती सोडून त्यातून ती तारीख असलेली सीडी उपसून काढली. तिच्यावर ओरखडा होता, पण फुटली नव्हती. साहेब नाक मुरडत नव्या प्रतीच्या अर्जावर सही करून मोकळे झाले.

आमच्याकडे पद्धत अशी, की चौकशीतल्या चित्रणाची दुरुस्त प्रत आधी थेट समितीच्या संगणकावर जाते, मधल्या कुणी हात लावायचा नाही. आपण ती नंतर बघायची. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरंच झालं, म्हटलं, कुणी म्हणायला नको बहिणीने फिरवाफिरवी केली. मी माप बदललं, प्रत पाठवली. पोहोचल्याचा निरोप आला, समिती वरच्या मजल्यावर बसलेलीच होती.

तेवढ्यात दादा आला. निलंबित माणसाला रोज हजेरीची सही करावी लागते. मी त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "दादा, सापडलं!"

मी चित्रण लावलं. आवाज नव्हता. काटा तांबड्या पट्ट्यात शिरला. चित्रातला दादा काट्याकडे बघत उभा राहिला. बटण त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. त्याने बटणाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि पळाला.

खुर्ची नुसतीच फिरत राहिली. मग फिटर आत आला. रिकामी खुर्ची बघून क्षणभर थबकला, आणि धावत जाऊन त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दोन्ही हातांनी दाबत असतानाच पडदा पांढरा झाला.

"समितीकडे गेलंय का हे?" दादाने विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. मला त्याचा राग यायला हवा होता, त्या फिटरसाठी तरी. पण मला नुसती भीती वाटत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि हात मी माझा नाही, त्याचा दाखवला होता.

"मला आधी विचारायचंस गं," तो म्हणाला.

"विचारलं होतं दादा. तू म्हणालास, बटण दाबलं."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. वरच्या मजल्याचाच नंबर होता. माझ्याने रिसीव्हर उचलवेना. खूप वेळ वाजू दिल्यावर दादाने हात लांब करून तो उचलला.

"हो," तो म्हणाला, "इथेच बसलोय. वर येतो."