पलीकडची खिडकी

मावशीला गाडीत पुढे बसवणं ही माझी पहिली चूक. तिने सांगितलं तिथे वळणं ही दुसरी.

"डावीकडे घे," ती म्हणाली. मी घेतलं, आणि आम्ही थेट एका पोल्ट्रीच्या आवारात शिरलो. तासाभरात हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं, तेव्हा तिने हसत कारण सांगितलं. अठ्ठावीस वर्षं ती टूरच्या बसमध्ये गाईड होती. ड्रायव्हरशेजारी, रस्त्याकडे पाठ करून, प्रवाशांकडे तोंड करून उभी. तिचं उजवं ते प्रवाशांचं डावं. बोलताना ती मनातल्या मनात उलटं करून सांगायची, आणि ती सवय इतकी मुरली की आता पुढे तोंड करून बसली तरी जीभ आपली उलटंच सांगते. मग मी ठरवून टाकलं, ती म्हणेल त्याच्या विरुद्ध वळायचं. त्यानंतर आम्ही एकदाही चुकलो नाही.

मी निघाले होते कामावर. हायवेलगतच्या जुन्या वास्तूंपुढे माहितीचे फलक असतात ना, रस्ता रुंद झाल्यामुळे ते नव्याने लावायचे होते. त्याआधी प्रत्येकावरचा मजकूर तपासायचं काम ऑफिसने माझ्या गळ्यात मारलं. तेवीस फलक, दोन दिवस, प्रत्येकाला एक फॉर्म: माहिती खरी की खोटी, पुरावा काय, शिफारस काय. खोटा ठरेल तो काढून टाकायचा. मला या कामात मजा येते हे कबूल करते. कुणी ठोकून दिलेली गोष्ट हाती लागली की माझा दिवस चांगला जातो.

मावशीला बरोबर घेतलं कारण हा रस्ता तिला तोंडपाठ. शिवाय आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ती घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. आणि आणखी एक कारण होतं, ते मी तिला सांगितलं नव्हतं.

फलक क्रमांक सतरा. फाईलमध्ये त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'आधार: टूर बसच्या गाईडकडून ऐकलेली हकीकत.' त्या काळात या रस्त्यावर एकच टूर बस होती आणि तिच्यात एकच गाईड.

आमच्या घरात हा विषय नाजूक होता. आई नेहमी म्हणायची, तुझी मावशी जगाला थापा मारते आणि वर त्याचा पगार घेते. मी अगदी लहान असताना याच वाक्यावरून दोघी बहिणींचं बोलणं पाच वर्षं बंद होतं, असं मी ऐकून होते. मावशीचं यावर एकच उत्तर: अठ्ठावीस वर्षांत माईकवर एक वाक्य खोटं बोलले नाही. आता सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हणजे दोघींपैकी एकीला खोटं ठरवायचं होतं. आईला ठरवावं तर ती आता भांडायलाही नाही. मावशीला ठरवावं, तर ती शेजारी बसून माझ्यासाठी संत्रं सोलत होती.

सकाळ मात्र मावशीची होती. जुन्या पुलाच्या फलकावर लिहिलं होतं, 'अकरा कमानी.' मावशी म्हणाली, नऊ. मी म्हटलं, फलकावर अकरा आहे. ती म्हणाली, मग फलकाला उतरून मोजायला सांग. उतरून मी मोजल्या. नऊच. जकात नाक्याची कमान कुणी बांधली, घोड्यांसाठीचं दगडी टाकं रस्त्यापासून इतकं लांब का, सगळं तिने सांगितलं आणि सगळं माझ्या कागदांशी जुळलं. टाकं लांब, कारण रस्ताच पूर्वी तिकडून जायचा. "रस्ता हलला, टाकं कसं हलणार?" ती म्हणाली. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की सतरा नंबर येऊच नये असं वाटू लागलं.

दुपारनंतर तो आलाच. रस्त्याच्या डाव्या बाजूला विटांचा उंच मनोरा, वरच्या अंगाला एक चौकोनी भोक. समोर फलक. मावशीचा चष्मा गाडीत राहिला होता म्हणून मी मोठ्याने वाचलं. 'या मनोऱ्यात एक राणी राहत असे. दूरच्या प्रवासाहून परतणाऱ्या आपल्या माणसासाठी ती रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावत असे. परंतु रुसलेली असल्याने ती खिडकीकडे पाठ करून बसे.'

राणी ऐकून मावशी खो खो हसली. 

"हे तू सांगायचीस?" मी विचारलं.

"मी 'बाई' म्हणायचे. राणी कुणी केली देव जाणे."

मी शक्य तितक्या हळू सांगितलं की हे चुन्याच्या भट्टीचं धुराडं आहे. जुन्या नकाशात तसं स्वच्छ लिहिलंय. यात राणी काय, बाई काय, कबुतरंसुद्धा राहिली नसतील. फॉर्मवर मला 'माहिती खोटी' असंच लिहावं लागेल.

मावशी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, ज्या दिशेने आम्ही चाललो होतो तिकडे पाठ करून. हातातली पाण्याची बाटली माईकसारखी तोंडाजवळ धरली आणि डावा हात लांब केला. तो हात मनोऱ्याकडे गेलाच नाही. रस्त्याच्या पलीकडे गेला. तिथे एक टायरचं दुकान होतं.

"तिथे घर होतं," ती म्हणाली. "खाली दोन खोल्या, वर एक. वरचं स्वयंपाकघर. तुझ्या आईचं."

आम्ही कुठल्याशा रस्त्याकाठच्या घरात राहायचो एवढंच मला माहीत होतं. मी साडेचार वर्षांची असताना बाबांची बदली झाली आणि ते घर सुटलं. कुठला रस्ता ते आईने कधी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

मग मावशीने सगळं सांगितलं. अबोला होता त्या वर्षांत आठवड्यातून दोनदा दिवेलागणीला तिची बस इथून परत जायची. त्या दोन दिवशी वरच्या खिडकीत बल्ब लागलेला असायचा, अगदी काचेला टेकून. बाकीच्या दिवशी नाही. रोज याच रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडून तिने खात्री करून घेतली होती. आणि खिडकीत आईची पाठ. एका संध्याकाळी माईक हातात होता आणि तिच्या तोंडून निघून गेलं, डावीकडे बघा, तिथे एक बाई दिवा लावून बसते. इतर सगळीकडे ती डावं-उजवं बिनचूक उलटवायची. या एका जागी तिला भान राहिलं नाही, स्वतःचं डावं ते तिने डावं म्हटलं. प्रवाशांनी आपापल्या डावीकडे पाहिलं. धुराड्याच्या भोकातून मावळतीचा उजेड दिसत होता. सगळे खूश. तिनेही मग चूक सुधारली नाही. बहिणीच्या स्वयंपाकघरात चाळीस लोकांनी डोकावण्यापेक्षा ते बरं होतं.

"ती काहीतरी शिवत असायची," मावशी म्हणाली.

"काजं," मी म्हटलं. "शर्टांची काजं करायची."

माझं मलाच नवल वाटलं. पण ते आत कुठेतरी होतंच. आई उजेडाकडे पाठ करून बसायची आणि तिची सावली नेमकी हातातल्या कापडावर पडायची. मला वाटायचं, अशी कशी ही, दिसत नाही तरी सरकत नाही. एकदा मी स्टुलावर चढून बटण बंद करायला गेले, तर तिने माझ्या हातावर चापट मारली होती. तो राहू दे, म्हणाली होती.

मी रडले. भर हायवेवर, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून. मावशीने उरलेलं संत्रं माझ्या हातात दिलं. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

"तू तिला कधी सांगितलंस, की तुला दिसायचं?"

"सांगितलं असतं तर बंद केला असता तिने. ओळखत नाहीस का तिला?" मग तिने टायरच्या दुकानाकडे पाहिलं. "आणि पाठ करून बसायची हे अर्धंच आहे. बस पुढे गेली की ती वळून बघायची. दिसेनाशी होईपर्यंत. तिला वाटायचं आता कोण बघतंय. बसमधले सगळे पुढेच बघत असतात. मागे तोंड करून उभी असलेली मी एकटी."

टायरवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, फलक खुशाल लावा, फक्त ट्रक वळायला जागा सोडा. मनोऱ्याचे फोटो काढायला लोक थांबतात आणि पलीकडेच चहा पिऊन निघून जातात, याचा त्याला जुना राग होता.

मी बॉनेटवर फॉर्म ठेवून भरला. माहिती: खरी. दुरुस्ती: 'मनोऱ्यात' ऐवजी 'इथल्या घरात' आणि 'राणी' ऐवजी 'बाई' करावे; 'आपल्या माणसासाठी' काढून 'बहिणीसाठी' लिहावे; 'रोज' काढून 'आठवड्यातून दोनदा' लिहावे. शेवटी एक वाक्य वाढवावे: 'बस पुढे गेली की ती वळून बघत असे.' शिफारस: फलक रस्त्याच्या पलीकडे हलवावा.

पुराव्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. मावशी खांद्यावरून वाकून बघत होती. "तपासनीसबाई, आता काय लिहिणार?" तिने विचारलं.

मी लिहिलं: प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोघी. एक बसमधून, एक स्वयंपाकघरातून.