संगमरवराचा डावा कान

शरद सरत आला होता. रोमवर केशरी पहाट उतरत होती, आणि खाली टायबर, पीतवसना, पंकगर्भा, मंदगामिनी टायबर, काही बोलतच नव्हती. एवढी मोठी नदी, आणि एवढी गप्प! तिने गिळलेलं सैन्य तिच्या तळाशी निजलं होतं. ढाली, शिरस्त्राणं, आणि सेवेराचा एकुलता एक मुलगा फ्लोरस.

पुलावरच्या त्या लढाईत जुना सम्राट बुडाला. जिंकला तो नवा. त्याला म्हणे भर दुपारी आभाळात तेजाचा क्रूस दिसला होता! नवा सम्राट, नवा देव, नवे जयघोष. संगमरवर मात्र जुनाच.

म्हणून सेवेराच्या नवऱ्याला, शिल्पकार अविटसला, फर्मान आलं: पुलाजवळच्या जुन्या सम्राटाच्या पुतळ्याचा चेहरा तासून नव्या सम्राटाचा कर. हातात क्रूस दे. मुदत तीन दिवस.

त्या पुतळ्याचं गुपित अविटस आणि सेवेरा या दोघांनाच ठाऊक होतं. जुना सम्राट पुतळ्यासाठी अविटससमोर कधी बसलाच नव्हता. बसला होता फ्लोरस. ते चंद्रकोरी कपाळ फ्लोरसचं. ते हसू आवरून धरलेले ओठ फ्लोरसचे. नदीने देह परत दिला नाही. उरला होता तो एवढाच.

"हात लावू नकोस त्याला," सेवेरा म्हणाली.

"मी नाही लावला तर दुसरा कुणी लावेल. तोही घणाने."

पहिल्या दिवशी कपाळ गेलं. दुसऱ्या दिवशी ओठ गेले. शुभ्र भुकटी उडत राहिली, हिमशुभ्र, अस्थिशुभ्र. सेवेराच्या केसांत बसली, पापण्यांवर बसली. तिने ती झटकली नाही. कशी झटकणार?

तिसऱ्या दिवशी छिन्नी डाव्या कानाशी आली. त्याची पाळी तुटकी होती. लहानपणी फ्लोरसची पाळी बोकडाने कुरतडली होती, आणि बापाने हट्टाने तीसुद्धा कोरली होती.

"आणि कान?" सेवेराने विचारलं.

"सम्राटाचे कान बघायची छाती कुणाची आहे?" अविटसने छिन्नी खाली ठेवली. "त्यातून हा बोकडाने चाखलेला!"

संध्याकाळी अधिकारी आला. मान तिरकी करून म्हणाला, "वा! अगदी हुबेहूब!" त्याने सम्राटाला कधी पाहिलंच नव्हतं.

शेजारची ख्रिस्ती म्हातारी प्रिस्का सेवेराजवळ टेकली. "आमच्या देवाचा मुलगाही ऐन तारुण्यात गेला गं. आईच्या डोळ्यांदेखत."

"मग त्या आईने काय केलं?"

"उभी राहिली, बाई. शेवटपर्यंत उभी राहिली."

तेव्हापासून रोज पहाटे, धूसर, धुकेरी, धुपासारख्या पहाटे, सेवेरा पुलाजवळ येते. चौथऱ्यावर चढते, टाचा उंचावते, आणि क्रूसधारी सम्राटाच्या डाव्या कानाशी ओठ नेते.

येणारेजाणारे कौतुकाने म्हणतात, "बघा, सेवेराही नव्या देवाची झाली! कशी प्रार्थना करतेय!"

ती विचारत असते, "पाणी फार गार आहे का रे?"

त्या तुटक्या पाळीवर दव साचतं, साचतं, भरून येतं. आणि थेंब थेंब, थेंब थेंब, संगमरवरातून टायबर ठिबकत राहते.