मध्यंतरातली शाल

गुलाबरावांच्या पत्राला अनंतरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. गुलाबराव रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. एके काळी गोलांसाठी गाजलेल्या दिवाकरला प्रशिक्षक करावं का, तुम्ही या खेळावर इतकं वाचलंय, मत कळवा, एवढंच त्यांनी विचारलं होतं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या अनंतरावांनी उत्तर लिहिलं आणि फाडलं. जन्मात बॉलला पाय न लावलेल्या माणसानं दिवाकरच्या डाव्या पायाबद्दल काय बोलावं! कमिटीनं ते मौन म्हणजे होकार धरला आणि दिवाकर प्रशिक्षक झाला.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. नव्या साहेबांना दिवाणखान्यात लावायला नामवंतांसोबतचे फोटो हवे होते, आणि दिवाकर फोटोसाठी सदैव तयार. सरावात सगळ्या फ्री-किक तोच मारी. पोट्टे बॉल आणून देत. त्यांतल्या प्रशिकनं एकदा विचारलं, "सर, पैर कहाँ रखूँ?"

"पाय ठेवाचा काय असते बे? आपोआप जाते," दिवाकर म्हणाला. "मले कोणी शिकवलं?"

पोटाला तट्ट बसलेल्या जर्सीत त्यानं आणखी एक गोल मारला आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिला.

मग तो सामना आला. हरलो तर खालच्या गटात, हे सगळ्यांना माहीत होतं. मध्यंतराला क्लब दोन गोलांनी मागे होता. नेमका तेव्हाच एका मंत्र्यानं दिवाकरचा सत्कार ठेवला होता. खेळाडू पाण्याच्या बाटल्या घेऊन वाट बघत बसले. प्रशिक्षक मंचावर शाल पांघरून आपला जुना गोल सांगत होते. शिट्टी झाली तेव्हा ते गोष्टीतल्या गोलपोस्टपर्यंतही पोहोचले नव्हते. क्लब चार गोलांनी हरला. दिवाकर खाली आला, नारळ काखेत. "या पोट्ट्यांत दमच नाही," म्हणाला.

कमिटी त्याला आणखी पाच वर्षं देणार, हे कळल्यावर अनंतरावांना जेवण जाईना.

"लिहून टाका ना," त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई म्हणाल्या.

"मी कुठं खेळलोय?"

"मी बी कधी मंत्री झाली नाही. पण मंत्री कसा हाय ते समजते मले."

अनंतराव उठले. त्यांनी लिहिलं: 'दिवाकरला खेळ कधी शिकावाच लागला नाही, म्हणून तो शिकवू शकत नाही. जे त्याला आपोआप आलं, ते इतरांना येत नाही याचा त्याला फक्त राग येतो. त्याचा पुतळा उभारा, हवं तर रोज हार घाला. संघ त्याच्याबरोबर खेळलेल्या गौतमला द्या. त्याचे पाय जड होते. एकेक पास त्याला घोटून शिकावा लागला. उत्तराला वर्ष लागलं, याची लाज वाटते.'

सुरुवातीला 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' असं लिहिलं होतं, ते खोडलं. पाकीट चिकटवल्यावर ते पुन्हा लिहावंसं वाटलं. तेवढ्यासाठी पाकीट उघडायला नको, म्हणून चपला घालून ते कोपऱ्यावर गेले आणि पत्र पेटीत टाकलं.