फळ्यावरच्या अकरा जुड्या

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझा एक कोपरा उडालेला आहे आणि रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण माझ्या नशिबी जो दिवस आला, तो गुळगुळीत नव्या फळ्यांच्या स्वप्नातही येणार नाही!

एका सुताराने मला चार फळ्या जोडून बनवले आणि काळा रंग दिला. पाणी समितीच्या कार्यालयात नळाच्या वेळा माझ्यावर लिहीत. नळ आला नाही की शिव्या मात्र मला! पुढे छापील सूचना आल्या आणि मला कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले. फार वाईट वाटले.

त्याच खोलीत समितीच्या निवडणुकीची मोजणी होई, दाराला आतून कडी घालून. मागच्या वेळी शिवणकाम करणाऱ्या मावशी एका ठेकेदारांकडून चार मतांनी हरल्या. वरच्या गल्लीला नळ आणायचा, एवढाच त्यांचा ध्यास. बाहेर आली ती फक्त निकालाची चिठ्ठी. मते कोणी पाहिली नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ती रद्दीत गेली. वरच्या गल्लीतल्या बायका आणखी तीन वर्षे घागरी घेऊन चढ चढल्या.

यंदा मावशी पुन्हा उभ्या राहिल्या, समोर तेच ठेकेदार. मोजणी अंगणात, सगळ्यांसमोर करा, असे मावशींनी सांगितले. समितीच्या अध्यक्षांना ते लागले. आमच्यावर विश्वास नाही का, असे त्यांनी विचारले.

"आहे हो," मावशी म्हणाल्या. "पण तो दाराबाहेर बसून किती दिवस ठेवायचा?"

अध्यक्षांनी मान्य केले. मग काय, मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि भर दुपारी अंगणात उभे केले. माझी छाती कशी फुलली म्हणून सांगू!

निवृत्त पोस्टमन एकेक चिठ्ठी उंच धरून सगळ्यांना दाखवत आणि माझ्यावर रेघ ओढत. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाली पाचाची जुडी. शेवटी त्यांनी रेघा मोजून आकडे पुकारले. मावशी त्रेसष्ट, ठेकेदार एकोणसाठ. कारकुनाने ते कागदावर उतरवले आणि अध्यक्षांनी कागदावरचे अंक एकेक करून वाचले: ठेकेदार सहा-नऊ, मावशी सहा-तीन. ठेकेदार विजयी. टाळ्या सुरू झाल्या. मावशींनी मान खाली घातली. अरे, माझ्या अंगावर बघा ना! पण फळ्याला तोंड कुठे असते?

तेवढ्यात भाजीवाली आजी उठली. तिला अक्षरओळख नाही, पण जन्म गेला जुड्या मोजण्यात.

"ठेकेदाराच्या अकरा जुड्या आणि वर चार काड्या," ती म्हणाली. "साठाला एक कमी. सत्तराला नाही."

मग सगळेच मोजू लागले, मोठ्याने. अकरा जुड्या, चार काड्या. कारकुनाचा चेहरा पडला. परक्या भाषेत आकडे शिकलेला तो; एकोणसाठ ऐकून त्याने साठावर नऊ चढवले होते. लबाडी नव्हती. मागच्या वेळीही आपणच लिहिले होते, तेव्हा काय लिहिले ते आता देवालाच ठाऊक, हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केले. त्याची मला कीव आली आणि अभिमानही वाटला.

ठेकेदार माझ्यापुढे आले. खडू पुसू नये म्हणून बोट हवेतच धरून त्यांनी सगळ्या रेघा दोनदा मोजल्या. मग ते मावशींपाशी गेले.

"हरलो," ते म्हणाले. "पण स्वतः मोजून हरलो. आता तक्रार नाही."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतरच्या टाळ्यांनी माझ्या फळ्या खिळखिळ्या झाल्या, पण त्याचे काय एवढे!

आठ दिवस मला कोणी पुसले नाही. येणारे-जाणारे थांबत, बोटांवर मोजत आणि मान हलवून पुढे जात. वर्षाच्या आत वरच्या गल्लीत नळ गेला.

मित्रांनो, मला पुन्हा कपाटामागे ठेवले तरी चालेल. मात्र मोजणीच्या दिवशी मला उजेडात आणा आणि ज्याला शंका असेल, त्याला सगळ्यात पुढे बसवा.