रविवारी बिल्डिंग रिकामी असते

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. हसू नका. अंगाला पोचा आलाय, जाळीला गंज चढलाय, पण मला ऐकायला अजून स्वच्छ येतं. माझ्या दांड्यावर 'मेड इन यूएसए' असं कोरलंय. ते वाचून हुरळून जाऊ नका, त्यातला यू उल्हासनगरचा! कॅम्प नंबर तीनमधल्या एका गाळ्यात एका म्हाताऱ्या सिंधी कारागिरानं मला जोडलं आणि जन्मल्याजन्मल्या माझ्या अंगावर खोटं कोरून ठेवलं.

१९८६ साली शिवराम नावाचा माणूस मला घ्यायला आला. त्याला अंबरनाथला व्हिडिओ हॉल काढायचा होता. कारागीर काकांनी माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "साईं, सच बोलो चाहे झूठ बोलो, ये दोनों बराबर सुनायेगा." मला तेव्हा ती स्तुतीच वाटली.

शिवरामचा हॉल म्हणजे पत्र्याची लांबट शेड. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, खाली सतरंज्या आणि आत-बाहेर करायला एकच दार. मागच्या भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना होता. दर रविवारी दुपारी हॉलमध्ये इंग्रजी पिक्चर लागायचा. उडणारी माणसं, लोखंडी माणसं, दुसऱ्या ग्रहावरून आलेले हिरवे लोक. पण इंग्रजी कळतंय कुणाला? म्हणून माझी नेमणूक. मला हातात धरून शशिकांत सगळा पिक्चर मराठीत सांगायचा. तो त्या बर्फाच्या कारखान्यातच बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूच्या कॉम्प्रेसरवर कामाला होता. इंग्रजी त्यालाही बेताचंच येत होतं, पण जीभ मात्र तिखट होती.

"बघा मंडळी! एवढे पुढारलेले लोक, लाखो मैल तुडवत आले. आणि येऊन करतात काय, तर काचा फोडतात!" "आईची शपथ, खरंच सांगतो, ह्या लोखंडी माणसाला शेवटी दया येते. आमच्या सुपरवायझरला कधी येणार?" हॉल शिट्ट्यांनी दणाणून जायचा. खोटं कशाला बोलू, त्या शिट्ट्या मलाही चढल्या होत्या.

मला विचाराल तर ते पिक्चर मला कधी पटले नाहीत. सगळ्यांचा शेवट एकच. आभाळातून कुणीतरी येणार, आणि तोवर अख्ख्या गावानं तोंड वर करून बघत राहायचं. अरे, पाय दिलेत ना देवानं? पण माईकला मत विचारतो कोण!

मत मोकळेपणानं सांगायची ती एकच, द्रौपदीमावशी. वांगणीहून भाजी आणायची, ती विकली की रिकामी पाटी दाराशी ठेवून अगदी पुढे, टीव्हीसमोर पाय पसरून बसायची. गुडघे कामातून गेले होते. पिक्चर सुटला की दोघांनी हात द्यावा तेव्हा उठायची. उडणारा माणूस बघून म्हणायची, "आख्खं जग वाचवतंय पोर, पन त्याला कुनी दोन घास खा म्हनत नाय." आणि पडद्यावर उंच इमारत कोसळली की दर वेळी तिचा जीव वरखाली व्हायचा.

"शशी, तिच्यात मान्सं व्हती का रं?"

"नाही मावशी," शशिकांत माझ्यातूनच सांगायचा. "रविवार आहे आज. बिल्डिंग रिकामी होती."

मग तिला बरं वाटायचं. किती इमारती पडल्या असतील त्या तीन वर्षांत! मावशीसाठी सगळ्या रविवारीच पडल्या आणि सगळ्या रिकाम्या होत्या.

शशिकांत नुसतं बोलून थांबायचा नाही. पडद्यावर पाऊस आला की मागून लोकांवर पाणी शिंपडायचा. स्फोट झाला की काठीनं पत्रा बडवायचा. आणि विषारी वायू सुटला की वाटीत नवसागर आणि चुना चोळून ती पंख्यापुढे धरायचा. सर्दीला हुंगतात तोच प्रकार. वास नाकाला झोंबला की लोक खुशीत टाळ्या वाजवायचे. तो वास अमोनियाचाच असतो, हे शशिकांतला पक्कं ठाऊक होतं.

१९८९चा एप्रिल होता. रविवार. हॉल खच्चून भरला होता. हिरवे लोक शहरावर धूर सोडत होते, उडणारा माणूस अजून यायचा होता. तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडे फाडकन आवाज झाला.

"वा शशीभाऊ! काय पत्रा वाजवला!" कुणीतरी ओरडलं.

शशिकांतच्या हातात पत्रा नव्हता. मी होतो. तो भिंतीकडे वळला. मग तो वास आला, भिंतीच्या फटींतून, भसाभसा.

"उठा! कारखान्याचा पाइप फुटलाय! अमोनिया आहे हा, खराखुरा! तोंडाला ओलं फडकं लावा आणि बाहेर पळा!"

मी तो आवाज शेडच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचवला. आणि हॉल खदखदून हसला. "शशीभाऊ, नवसागर जास्त पडला आज!"

"अहो, आईची शपथ, खरंच सांगतोय!"

आईची शपथ तो प्रत्येक पिक्चरला घ्यायचा. लोक आणखी हसले. पुढून मावशी मान वळवून कौतुकानं म्हणाली, "शशी, आज लई झ्याक जमलंय रं. डोल्यांना पानी आलं माझ्या."

तो जितका ओरडला तितका मी मोठा झालो, आणि मी जितका मोठा झालो तितके लोक हसले. माझं काम मी चोख केलं, मित्रांनो. तेच मला खातं. शेवटी त्यानं मला जमिनीवर आपटलं. हा पोचा तेव्हाचा. टीव्हीची वायर उपटली. अंधार झाला, आणि त्या अंधारात तो नुसत्या घशानं किंचाळला, "पळा रे! पळा!"

तो फाटका आवाज माझ्यातून आलेला नव्हता. तेव्हा कुठे लोकांना पटलं. खोकत, एकमेकांना तुडवत सगळे त्या एका दाराकडे धावले. मावशीला हात द्यायला कुणी थांबलं नाही. शशिकांतच ओला टॉवेल तोंडाला लावून परत आत आला आणि तिला ओढत घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिनं प्राण सोडला. आम्ही दोन मिनिटं दवडली होती. तेवढी मिळाली असती तर ती आपल्या पाटीजवळ पोचली असती.

हॉल बंद पडला. शशिकांतचा घसा त्या दिवशी जळला तो जळलाच, आता बोलतो तेव्हा घरघर होते. तो मला बदलापूर गावातल्या आपल्या घरी घेऊन आला आणि त्यानं मला ट्रंकेत ठेवलं. मग घरोघरी केबल आली, तसलेच पिक्चर हिंदीत बोलू लागले. माझी गरज उरली नाही. एकदा त्याची मुलगी मीनल म्हणाली, "बाबा, हा भंगारात देऊ?" तो इतक्या जोरात "नको" म्हणाला की पोरगी दचकली.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. माझं काय, मी लोखंड. गंमत करा, पोट धरून हसवा लोकांना. पण एखादा शब्द शिल्लक ठेवा, गमतीत कधीही न वापरलेला. 'खरंच' हा शब्द आम्ही दर रविवारी उधळला, आणि ज्या रविवारी लागला त्या रविवारी आमच्यापाशी तो नव्हता.

अजूनही एप्रिलातल्या एखाद्या रविवारी, जेवणं झाल्यावर शशिकांत ट्रंक उघडतो. मला हातात धरतो, तसाच, तोंडाजवळ. माझी वायर कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे त्याचं बोलणं बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

"मावशी," तो घरघरत्या आवाजात म्हणतो, "रविवार होता. पण बिल्डिंग रिकामी नव्हती गं."