सव्वा मूठ

“पुढे लिही,” सुकदेवराव म्हणाले, तशी नीलमने पेनाचं टोपण काढलं. “जो समाज आपले रीतिरिवाज पाळत नाही, त्याने कायद्याकडून न्यायाची अपेक्षा करू नये. पूर्णविराम.”

नीलमने पूर्णविराम दिला. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून समाजाच्या मासिकातलं त्यांचं ‘परखड’ हे सदर तीच लिहून घेई. गेल्या महिन्यात राजकारण झालं होतं: मत विकणाऱ्याला मतदानाचा हक्क कशाला हवा. त्याआधी, सुरतेतल्या खानदेशी घरांत मुली आपसात गुजराती बोलतात म्हणून संस्कृतीचं काय होणार. सुरतच्या कोर्टात बावीस वर्षं सरकारी वकिली केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सगळ्याच गोष्टींवर मतं फुटतात, आणि ती ऐकून घ्यायला हक्काची एक सूनच उरते.

दाराजवळच्या बाकावर दोन माणसं अर्ध्या तासापासून बसली होती. मंदा सुरतच्याच लिंबायत वस्तीत साड्यांचे धागे कापायचं काम करायची. तिचा नवरा छगन इच्छापोरच्या रस्त्यावर झालेल्या एका मुकादमाच्या खुनासाठी चौदा वर्षं तुरुंगात होता. तिच्याबरोबरचा म्हातारा चिंधा एकेकाळी छगनबरोबर लूमवर होता. आल्याआल्या मंदाने सगळं सांगून टाकलं होतं. शिक्षा माफ करण्याचा अर्ज वर गेला आहे. तेव्हाच्या सरकारी वकिलांनीच दोन ओळी लिहून दिल्या की या खटल्यात शंकेला जागा आहे, तर छगन सुटेल असं तिचा वकील म्हणतो. सुकदेवरावांनी ते ऐकलं, तिला बसायला सांगितलं आणि आपला लेख पुढे चालू केला.

खटला त्यांनीच चालवला होता, तो त्यांना पाठ होता. खून झाला तो कानबाईचा रविवार, दिवेलागणीची वेळ. छगनचं म्हणणं, आपण तेव्हा चिंधाच्या घरी रोट खात होतो. चिंधानेही तशीच साक्ष दिली. न्यायाधीश खानदेशातले नव्हते, त्यामुळे कानबाई काय आणि रोट काय हे त्यांना सुकदेवरावांनीच समजावलं. श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी घरात बसवायची, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्या पिठाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला घास मिळत नाही. मग त्यांनी चिंधाला दोनच प्रश्न विचारले. परक्याला रोट देता का? आरोपी तुमच्या भाऊबंदांतला आहे का? मागच्या बाकांवर चिंधाचे दहा-बारा भाऊबंद बसले होते. चिंधा दोन्ही वेळा नाही म्हणाला. छगनला जन्मठेप झाली. ही उलटतपासणी सुकदेवरावांनी पुढे कितीतरी लग्नांच्या पंगतीत रंगवून सांगितली.

“हं, बोल,” आता ते चिंधाला म्हणाले.

चिंधा उठून उभा राहिला. कोर्टात जोडतात तसे त्याने हात जोडले.

“साहेब, छगनना नावनी सव्वा मूठ मी सोता टाकेल व्हती. गाव सोडीसन आम्ही दोन्ही संगे उनूत. माले भाऊ नई. पन कोर्टमा भाऊबंद बसेल व्हतात. जीभ उचलनी नई.”

“म्हणजे शपथेवर खोटं बोललास. त्याला किती वर्षं आहेत, माहीत आहे?”

“जितली व्हतीन तितली द्या.”

सुकदेवरावांना गंमत वाटली. त्यांनी पुरावा मागितला. तेव्हा मंदाने पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. कालच कानबाई झाली होती.

“काल चिंधाभाऊनी तुमना नावनी सव्वा मूठ टाकी,” ती म्हणाली. “समदा भाऊबंदसमोर. त्यास्नी वाळीत टाकं त्याले. तुम्ही परका शेतस. खा, आनि खादं म्हनीसन लिखी द्या.”

बायको गेल्यापासून या घरात कानबाई बसली नव्हती. सुकदेवरावांनी चाचपत झाकण काढलं, तुकडा मोडला. पहिल्या घासाला त्यांचा जबडा क्षणभर थांबला. मग त्यांनी सगळा रोट खाल्ला, डब्याच्या तळाशी राहिलेला चुरासुद्धा. मंदाने पदर तोंडाशी धरला होता. नीलमला वाटलं, आता हे लिहून देणार. तिने कोरा कागद वर घेतला, आणि तिला मनापासून आनंद झाला.

सुकदेवरावांनी रुमालाने बोटं पुसली.

“नीलम, मी आत्ता काय खाल्लं?”

तिघंही तिच्याकडे वळली. घर सासऱ्यांच्या नावावर होतं, नवऱ्याचं दुकानही. त्यांच्या प्रश्नातलं उत्तर ओळखून तेच द्यायची सवय तिला दहा वर्षांत लागून गेली होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “चहा घेतलात, नाना.”

“बघ,” सुकदेवराव चिंधाला म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट शिकवणीचा सूर होता. “इथे ना कोर्ट, ना शपथ. तरी माणूस असं बोलतो. तू त्याला रोट दिला होतास हे मला तुझ्या चेहऱ्यावरून तेव्हाच कळलं होतं. मला फक्त तुझं ‘नाही’ हवं होतं.”

चिंधा खाली बसला. मंदाने डब्यासाठी हात पुढे केला. पण नीलम तो घेऊन आत गेली होती. तिने डबा घासला, पुसला. कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात दोन चमचे साखर घातली आणि तो घेऊन दाराशी आली. तिला मंदाकडे बघवेना. आपली लाज वाटत होती आणि तरी आपण आत जाऊन परत लिहायला बसणार हेही तिला ठाऊक होतं.

मंदाने झाकण उघडून साखर पाहिली. परत झाकण लावलं.

“तुम्ही जीवले लाई नका लेवा, ताई,” ती म्हणाली. “चिंधाभाऊले बी खरं बोलाले चौदा वरीस लागनात.”

मग म्हाताऱ्याला दंडाला धरून ती पायऱ्या उतरली. आत सुकदेवराव शेवटचं वाक्य वाचून दाखवायला सांगत होते.